डोळ्यांसमोरचे पॅनेल: आकार, अंतर आणि मान

आभासी वास्तवात, म्हणजे व्हीआरमध्ये, पॅनेलचा आकार कोनात मोजतात. संगणकाच्या पडद्यावर बटण किती पिक्सेलचे, हे सांगितले की काम भागते, कारण पडदा टेबलावर असतो आणि माणूस त्याच्यापासून साधारण ठरावीक अंतरावर बसलेला असतो. हेडसेट घातल्यावर पडद्याची चौकट नाहीशी होते. एक मीटर रुंदीचे पॅनेल दीड मीटरवर ठेवले तर ते दृष्टीचा मोठा भाग व्यापते. तेच वीस मीटरवर ठेवले तर त्यावरचे एक अक्षरही लागत नाही. म्हणून लांबी-रुंदी किती, यापेक्षा ते पॅनेल डोळ्यापाशी केवढा कोन करते हे आधी विचारावे लागते.

नवी दिल्लीतील कस्तुरबा गांधी मार्गाची आभासी सफर तयार करायची आहे, असे धरून हा विषय पाहता येईल. पूर्वीचा हा कर्झन रोड कॅनॉट प्लेसच्या बाहेरच्या वर्तुळापासून निघून इंडिया गेटच्या षट्कोनापर्यंत जातो. मॅक्स म्यूलर भवन, अमेरिकन सेंटर, ब्रिटिश कौन्सिल आणि नवे महाराष्ट्र सदन या रस्त्यावर आहेत. यांतली ब्रिटिश कौन्सिलची इमारत चार्ल्स कोरिया यांची. ती १९९२ मध्ये पूर्ण झाली. तिच्या दर्शनी भागावर हॉवर्ड हॉजकिन यांनी पांढरा मकराणा संगमरवर आणि काळा कडाप्पा वापरून एका विस्तीर्ण वृक्षाची छाया पसरवली आहे. सफरीत प्रेक्षक या दर्शनी भागासमोर, समजा तीस मीटरवर, उभा आहे आणि त्याला भित्तिचित्राची माहिती मराठीत वाचायची आहे. ही माहिती कुठे, केवढ्या अक्षरात आणि किती जवळ दाखवायची, एवढाच प्रश्न आहे. पण त्याच्या उत्तरात डोळ्याचे भिंग, मानेचे स्नायू, हेडसेटचे पिक्सेल आणि देवनागरीची शिरोरेखा या सगळ्यांचा हिशेब येतो.

कोन मोजायला अंश चालतात, पण डिझाइनच्या कामात मिलिरेडियन अधिक सोयीचा पडतो. एक मीटर अंतरावरची एक मिलिमीटर उंचीची वस्तू डोळ्यापाशी एक मिलिरेडियनचा कोन करते. दोन मीटरवरची दोन मिलिमीटरची वस्तूही तेवढाच कोन करते. गूगलच्या व्हीआर डिझायनरांनी २०१७ च्या गूगल आय/ओ परिषदेत नेमके हेच एकक मांडले आणि त्याला डीएमएम, म्हणजे अंतरावर अवलंबून नसलेला मिलिमीटर, असे नाव दिले. त्याचा मोठा फायदा असा की पॅनेलची आखणी एकदाच करायची आणि ते तीन मीटरवर न्यायचे झाले तर सगळी मापे तिपटीने वाढवायची. डोळ्याला फरक जाणवत नाही. हात लांब करून धरलेल्या अंगठ्याची रुंदी सुमारे दोन अंश, म्हणजे पस्तीसेक मिलिरेडियन भरते. हा अंदाज मनाशी असला की पुढचे आकडे कोरडे राहत नाहीत.

छापील पुस्तकात बारा पॉइंटचा टाइप म्हणजे अक्षराच्या चौकटीची उंची सव्वाचार मिलिमीटर. पुस्तक चाळीस सेंटिमीटरवर धरले तर ती साडेदहा मिलिरेडियन होते आणि वाचन आरामात चालते. व्हीआरमध्ये मात्र हा आकार फारच अपुरा पडतो. गूगलच्या त्याच मांडणीत मजकुरासाठी सोयीचा आकार २४ मिलिरेडियन धरला होता, म्हणजे पुस्तकाच्या दुपटीहून जास्त. यात डोळ्याचा काही दोष नाही, कमतरता पडद्याची आहे. निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाइतका, म्हणजे एका कलेइतका, बारकावा दिसतो. त्या तोडीचे चित्र हवे असेल तर एका अंशात साठ पिक्सेल लागतात. क्वेस्ट २ या हेडसेटमध्ये ते सुमारे वीस आहेत, क्वेस्ट ३ मध्ये पंचवीसच्या आसपास. पुस्तकाच्या मापाचे अक्षर क्वेस्ट २ मध्ये जेमतेम बारा पिक्सेलांत बसवावे लागेल.

आकार ठरवण्याआधी अंतर ठरवावे लागते आणि इथे हेडसेटची रचनाच आडवी येते. खऱ्या जगात जवळची वस्तू पाहताना दोन गोष्टी एकदम घडतात. दोन्ही डोळे आत वळून त्या वस्तूवर रोखले जातात आणि डोळ्यांतील भिंगे तिच्या अंतराला जुळवून घेतात. हेडसेटमध्ये पहिली गोष्ट घडते, दुसरी घडत नाही. पडदा आणि त्यापुढचे भिंग यांची जोडणी पक्की असल्यामुळे सगळे दृश्य एकाच ठरावीक अंतरावरून आल्यासारखे डोळ्यात शिरते. बहुतेक यंत्रांत हे अंतर सव्वा ते दोन मीटरच्या आसपास असते. पॅनेल अर्ध्या मीटरवर आणले तर डोळे अर्ध्या मीटरवर वळतात, भिंगांना मात्र दोन मीटरवरच राहावे लागते. या ओढाताणीने डोळे थकतात, डोके दुखते आणि वाचनाचा वेगही मंदावतो. बर्कलीतील मार्टिन बँक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हा परिणाम प्रयोगाने दाखवला.

ही ओढाताण किती सोसते, याचा अंदाज डायॉप्टरमध्ये करता येतो. मीटरमधल्या अंतराचा व्यस्त आकडा म्हणजे डायॉप्टर. दोन मीटर म्हणजे अर्धा डायॉप्टर, अर्धा मीटर म्हणजे दोन. साधारण अर्ध्या डायॉप्टरपर्यंतचा फरक बहुतेकांना खटकत नाही असे धरले, तर दोन मीटरवर स्थिर असलेल्या यंत्रात एक मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळे आरामाचे ठरते. १.३ मीटरवर स्थिर असलेल्या यंत्रात हाच हिशेब सुमारे ८० सेंटिमीटर ते पावणेचार मीटर असा येतो. ऑक्युलसच्या सुरुवातीच्या मार्गदर्शिकेत ०.७५ ते ३.५ मीटर हा पट्टा दिला होता आणि मायक्रोसॉफ्टने होलोलेन्स या आपल्या हेडसेटसाठी १.२५ ते ५ मीटर सुचवले. हे आकडे मूळ हिशेबापासून फार दूर जात नाहीत. वाचायचे पॅनेल दीड ते दोन मीटरवर ठेवले की यांपैकी कोणत्याही यंत्रात ते सुरक्षित पट्ट्यात पडते.

रस्त्यावरच्या सफरीत आणखी एक अडचण येते आणि ती बऱ्याचदा नजरेतून सुटते. दोन डोळ्यांत सुमारे ६३ मिलिमीटरचे अंतर धरले, तर दीड मीटरवरचे पॅनेल वाचताना डोळे एकमेकांकडे सुमारे २.४ अंश वळतात. तीस मीटरवरच्या भित्तिचित्राकडे पाहताना हा कोन फक्त ०.१२ अंश असतो. म्हणजे पॅनेल थेट भित्तिचित्राच्या आड आले, तर वाचताना चित्र दुहेरी दिसते आणि चित्र पाहताना पॅनेल दुहेरी दिसते. प्रेक्षकाला दोन्ही आळीपाळीने पाहायचे असतात, कारण मजकूर त्या चित्राबद्दलच असतो. म्हणून पॅनेल चित्रावर न टाकता त्याच्या बाजूला आणि किंचित खाली ठेवावे. पॅनेलच्या मागची पार्श्वभूमी अपारदर्शक किंवा बरीचशी गडद ठेवावी, म्हणजे मागचे दुहेरी तपशील मजकुरातून डोकावत नाहीत. काचेसारखी पारदर्शक पॅनेले जाहिरातीत देखणी दिसतात, पण परिच्छेदभर वाचनासाठी ती वापरू नयेत.

प्रेक्षक चालत इमारतीच्या भिंतीपाशी आला की उलट अडचण उभी राहते. भिंत एक मीटरवर, पॅनेल मात्र दीड मीटरवर, म्हणजे भिंतीच्या पलीकडे. सॉफ्टवेअरने तरीही पॅनेल भिंतीवर रेखाटले, तर भिंत झाकली गेल्याची खूण सांगते की पॅनेल पुढे आहे आणि दोन्ही डोळ्यांचा कोन सांगतो की ते मागे आहे. मेंदूला हा विरोध सहन होत नाही. अशा वेळी पॅनेल भिंतीच्या अलीकडे आणावे, मात्र त्याच प्रमाणात लहानही करावे. कोनाचे एकक वापरलेले असेल तर ही आकडेमोड आपोआप होते.

पॅनेल किती उंचीवर ठेवायचे, हे ठरवताना मानेचा विचार करावा लागतो. क्वेस्ट ३ चे वजन ५१५ ग्रॅम आहे आणि त्यातले बरेचसे चेहऱ्याच्या पुढे असते. हा भार मानेच्या मागच्या स्नायूंवर येतो. डोळ्यांची स्वाभाविक नजर क्षितिजाच्या थोडी खाली, दहा ते वीस अंशांवर विसावते. मायक्रोसॉफ्टची मार्गदर्शिका क्षितिजाच्या वर दहा अंशांपलीकडे मजकूर ठेवू नका असे सांगते. डिझायनर माइक अ‍ॅल्जर यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आराखड्यात मान बाजूला ३० अंशांपर्यंत सहज वळते आणि ५५ अंशांपर्यंत ताणून वळते असे धरले आहे. खाली पाहताना मानेची सहज मर्यादा १२ अंशच दिली आहे, मात्र त्यात डोळ्यांची स्वतःची हालचाल मिळवायची असते. इमारत उंच असली की पॅनेलही वर नेण्याचा मोह होतो. तो टाळावा. वर पाहणे भित्तिचित्रासाठी राखून ठेवावे, वाचन खाली असावे. पॅनेलचा मध्य डोळ्यांच्या रेषेखाली आठ-दहा अंशांवर ठेवला की वरची कडही क्षितिजाच्या फार वर जात नाही.

ही उंची जमिनीपासून मोजायची नाही. खुर्चीत बसलेल्या आजींच्या आणि उभ्या असलेल्या नातवाच्या डोळ्यांच्या उंचीत पाऊण मीटरचाही फरक पडू शकतो. पॅनेल उघडण्याच्या क्षणी हेडसेट जिथे असेल तिथून उंची आणि दिशा घ्यावी. पण त्यानंतर ते पॅनेल डोक्याला चिकटवून ठेवू नये. मान वळवली की मजकूरही नाकासमोर सरकत राहिला, तर वाचणाऱ्याला त्यापासून सुटकाच मिळत नाही आणि अनेकांना मळमळू लागते. पॅनेल जगात एका जागी स्थिर राहिले की डोळे त्यावर फिरतात, मान हलते, सगळे नेहमीसारखे वाटते. प्रेक्षक चालत पुढे गेला तर पॅनेलने थोडे थांबून, सावकाश त्याच्यामागे यावे आणि पुन्हा स्थिर व्हावे.

रुंदीला दुहेरी मर्यादा आहे. दहा-पंधरा अंशांपलीकडे पाहायचे झाले की डोळ्यांसोबत मानही वळू लागते. शिवाय क्वेस्ट २ सारख्या यंत्रांतील फ्रेनेल भिंगे, म्हणजे वर्तुळाकार कंगोऱ्यांची पातळ भिंगे, कडेला धूसर होतात, त्यामुळे मजकूर मध्यापासून फार दूर गेला की तो आधी अस्पष्ट दिसतो आणि मग मान वळवावी लागते. वाचनाच्या पॅनेलची रुंदी ३५ ते ४० अंशांत ठेवणे म्हणूनच शहाणपणाचे. त्याहून रुंद हवेच असेल तर ते प्रेक्षकाभोवती कमानीसारखे वळवावे, म्हणजे मध्य आणि कडा डोळ्यापासून सारख्याच अंतरावर राहतात.

आता देवनागरी. वरचे बहुतेक आकडे रोमन लिपी समोर ठेवून ठरलेले आहेत. ते जसेच्या तसे उचलले की मराठी मजकूर लहान, दाटीवाटीचा आणि थकवणारा होतो. दिल्लीच्या रस्त्यांवरच्या पाट्यांवर रस्त्याचे नाव देवनागरी, रोमन, गुरुमुखी आणि उर्दू अशा चार लिप्यांत असते. अशा पाटीसमोर उभे राहिले की फरक लगेच कळतो. रोमन मोठी अक्षरे आपली उंची पूर्ण वापरतात. देवनागरीला त्याच उंचीत शिरोरेखेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार आणि पायाखाली उकार, ऋकार, हलन्त बसवायचे असतात. अक्षराच्या धडाला चौकटीच्या साठेक टक्के उंची मिळते. क्वेस्ट २ मध्ये पुस्तकाच्या मापाचे देवनागरी अक्षर लावले, तर धड सात पिक्सेलांत येते. सात पिक्सेलांत ‘घ’ आणि ‘ध’ वेगळे ओळखता येत नाहीत. ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’ यांचीही तीच गत. ‘द्ध’, ‘द्व’, ‘द्य’ ही जोडाक्षरे तर काळ्या ठिपक्यासारखी दिसतात.

आकार ठरवायला सर्वांत चांगली कसोटी अनुस्वाराची. मराठीत तो बिंदू गेला तर ‘अंग’चे ‘अग’ होते आणि शब्दच बदलतो. समजा निवडलेल्या टाइपात अनुस्वाराचा व्यास चौकटीच्या दहाव्या भागाइतका आहे आणि तो स्थिर, गोल दिसायला निदान तीन पिक्सेल हवेत. क्वेस्ट २ मध्ये एक पिक्सेल तीन कलांचा, म्हणजे बिंदू नऊ कलांचा हवा. ते सुमारे २.६ मिलिरेडियन झाले. त्यामुळे चौकट २६ मिलिरेडियनची हवी. हा अगदी किमान आकडा आहे. डोके सतत थोडे हलत असते, म्हणून २८ ते ३० मिलिरेडियन धरावे. रोमनसाठीचे २४ मराठीला पुरत नाहीत, हे असे हिशेबाने दाखवता येते.

शिरोरेखेचा त्रास वेगळा आहे. ती बारीक, लांब आणि आडवी रेघ असते. पिक्सेलांच्या ओळीही आडव्या असतात. मान अर्धा अंश कलली की रेघ एका पिक्सेल-ओळीतून दुसरीत पायऱ्या-पायऱ्यांनी उतरू लागते आणि त्या पायऱ्या डोक्याच्या प्रत्येक हालचालीबरोबर धावतात. ओळभर पसरलेली ही चुळबुळ वाचणाऱ्याचे लक्ष सतत ओढून घेते. यावर उपाय आहेत. नाजूक वळणाचा टाइप टाळून थोडा जाड घ्यावा, रेघांच्या जाडीत फार चढउतार नसलेला. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाचा ‘मुक्ता’ हा टाइप अनेक जाड्यांत मिळतो आणि पडद्यावर चांगला टिकतो. मजकूर आधी दृश्याच्या चित्रात रेखाटून मग ते चित्र पुन्हा पडद्यावर बसवण्याऐवजी तो हेडसेटच्या अंतिम जोडणीच्या थरावर थेट ठेवावा. ओपनएक्सआर या प्रमाणप्रणालीत सपाट आणि दंडगोलाकार पॅनेलांसाठी असे थर आहेत आणि त्यांनी अक्षरे लक्षणीय स्वच्छ दिसतात.

ओळींमधले अंतरही वाढवावे लागते. वरच्या ओळीतील ‘कृ’ किंवा ‘ष्ट्रु’ खाली उतरतो, खालच्या ओळीतील ‘र्की’ वर चढतो आणि दोघांची गाठ पडते. रोमन मजकुराला चौकटीच्या १.३ ते १.४ पट अंतर पुरते, मराठीला १.६ पट द्यावे. याशिवाय एक तपासणी न चुकता करावी. काही गेम-इंजिनांतील मजकुराची साधने देवनागरीची जुळणी करत नाहीत. मग ‘कि’मधली वेलांटी अक्षरानंतर येते, ‘क्ष’ फुटून ‘क्‌ष’ होतो, रफार चुकीच्या अक्षरावर बसतो. हार्फबझसारखे जुळणीचे इंजिन वापरणारे साधन निवडल्याशिवाय पुढची मापे काढण्यात अर्थ नाही. मोडलेली अक्षरे मोठी करून दाखवली तरी ती मोडलेलीच राहतात.

हे सगळे आकडे भित्तिचित्राच्या पॅनेलवर बसवून पाहू. अंतर दीड मीटर. रुंदी ३६ अंश, म्हणजे सुमारे ९७ सेंटिमीटर. उंची २२ अंश, म्हणजे ५८ सेंटिमीटर. अक्षराची चौकट ३० मिलिरेडियन, म्हणजे इथे ४५ मिलिमीटर, आणि ओळींतील अंतर ७२ मिलिमीटर. चारही बाजूंना पाच-पाच सेंटिमीटर मोकळे सोडले तर सहा ओळी बसतात आणि एका ओळीत तीसेक अक्षरे. सगळे मिळून चाळीसेक शब्द होतात. कोरिया, हॉजकिन, वर्ष, दगड आणि वृक्षाची छाया एवढे चाळीस शब्दांत सांगता येते. त्याहून जास्त सांगायचे असेल तर अक्षर लहान न करता मजकुराची दोन पाने करावीत किंवा तो आवाजात द्यावा. लेखकाला आधीच चाळीस शब्दांची मर्यादा सांगितली तर हा प्रश्न उद्भवतच नाही. सहसा मात्र दोनशे शब्दांचा मजकूर तयार होऊन येतो आणि तो पॅनेलमध्ये कोंबायचे काम डिझायनरवर पडते.

भारतात अशा सफरीचा बराच प्रेक्षक महागडा हेडसेट वापरणार नाही. २०१४ च्या गूगल कार्डबोर्डपासून मोबाइल खोक्यात बसवून पाहण्याची पद्धत रुळली आणि २०२३ मध्ये आयपीएलच्या सुमारास आलेला जिओडाइव्ह हा असाच खोका १,२९९ रुपयांना मिळत होता. या पद्धतीत मोबाइलचा पडदा दोन डोळ्यांत वाटला जातो. २४०० पिक्सेल लांबीच्या पडद्यातून प्रत्येक डोळ्याच्या वाट्याला १२०० पिक्सेल येतात आणि ते शंभरेक अंशांवर पसरतात. म्हणजे अंशाला बाराच पिक्सेल. अनुस्वाराची कसोटी इथे लावली तर अक्षराची चौकट ४४ मिलिरेडियनपर्यंत जाते. त्याच पॅनेलवर मग चारच ओळी आणि वीसेक शब्द मावतात. मोबाइलसाठी निराळी, छोट्या मजकुराची आवृत्ती करणे हाच प्रामाणिक मार्ग आहे. महाराष्ट्रातल्या शाळेत अशा खोक्यातून दिल्ली पाहणाऱ्या मुलांना वाचता येत नसेल, तर त्या सफरीचा मराठी मजकूर असून नसल्यासारखाच.

बटणांचे माप मजकुराहून मोठे असते, कारण तिथे नेम धरावा लागतो. हातातल्या नियंत्रकातून निघणारा किरण मनगटाच्या कंपाने थरथरतो आणि ट्रिगर दाबताना आणखी हलतो. साठ-पासष्ट मिलिरेडियनचे बटण, म्हणजे दीड मीटरवर नऊ-दहा सेंटिमीटरचे, बहुतेकांना पहिल्या प्रयत्नात लागते. नजरेने निवड होणाऱ्या व्हिजन प्रो या हेडसेटसाठी अ‍ॅपल अडीच अंशांचे, म्हणजे सुमारे ४४ मिलिरेडियनचे क्षेत्र मागते. बोटाने दाबायची बटणे हाताच्या टप्प्यात, चाळीस-पन्नास सेंटिमीटरवर आणावी लागतात. तिथे डोळ्यांची ओढाताण सुरू होते आणि अधांतरी धरलेला हातही काही मिनिटांत भरून येतो. म्हणून जवळच्या पॅनेलवर दोन-तीन बटणेच असावीत, मजकूर नसावा.

रंगाबद्दल थोडेच सांगायचे आहे. पांढरेशुभ्र पॅनेल डोळ्यांच्या इतक्या जवळ झगझगते आणि काळ्यावर शुभ्र अक्षरे फ्रेनेल भिंगांत किरणांचे झोत उठवतात. गडद करड्यावर मळकट पांढरी अक्षरे ठेवावीत.

चष्म्याचा प्रश्न विचारात घेतल्याशिवाय चाचणी पूर्ण होत नाही. चाळिशी लागलेल्या माणसाला समोर पॅनेल दिसले की वाचनाचा चष्मा लावावासा वाटतो. पण हेडसेटमधले दृश्य सव्वा ते दोन मीटरवरून आल्यासारखे असते, त्यामुळे वाचनाच्या चष्म्याने ते उलट धूसर होते. ज्याला दूरचा नंबर आहे त्याला मात्र तो चष्मा हवाच. सफरीच्या सुरुवातीलाच हे एका वाक्यात सांगावे आणि तिथेच अक्षर लहान-मोठे करण्याची सोय द्यावी. पॅनेल पकडून जवळ-दूर करण्यासाठी खाली एक दांडी असावी. व्हिजन प्रोमध्ये खिडकी दूर ढकलली की ती त्याच प्रमाणात मोठी होते, म्हणजे डोळ्यापाशी तिचा कोन तेवढाच राहतो. ही वागणूक कोणत्याही यंत्रावर आणता येते. प्रेक्षकाने एकदा निवडलेले अंतर आणि अक्षराचा आकार लक्षात ठेवावा आणि रस्त्याच्या पुढच्या थांब्यावरचे पॅनेल त्याच मापाने उघडावे.